किती आले ते नको, वर्षभरानं काय बदललं ते सांगा

पुण्यात आरोग्य जनजागृती होत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह, सप्टेंबरभर पोषण माह, १४ नोव्हेंबरला डायबेटीस, १ डिसेंबरला एड्स, पावसाळा लागला की डेंग्यू, मधेमधे टीबी, तंबाखू, मासिक पाळी. आणि करणारे पण किती, मनपाचे दवाखाने, मेडिकल आणि नर्सिंगची कॉलेजं, एनजीओ, रोटरीवाले, कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणारे, गणपती मंडळं. जनता वसाहत, कासेवाडी, लोहियानगर, ताडीवाला रोड, रामटेकडी, येरवड्याच्या वस्त्या, इथल्या बायकांना हात धुवायच्या पायऱ्या पाठ झाल्यात. माझा साधा प्रश्न आहे, या सगळ्यानं झालं काय? कुणाचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, वाढलं का, कुणाची मिश्री सुटली का, पोरांचे जुलाब कमी झाले का, बीपीची गोळी मधेच सोडणारे कमी झाले का. मी ज्यांना ज्यांना हे विचारलंय त्यांच्याकडून मला किती सेशन झाली याचं उत्तर मिळालं, काय बदललं याचं नाही.

मी वस्त्यांमधे सर्व्हेचं काम केलंय आणि अशा प्रोग्रामचे रिपोर्ट ढिगानं वाचलेत. साचा ठरलेला असतो. किती सेशन घेतली, किती लाभार्थी, किती पत्रकं वाटली, मग फोटो, मग एक तक्ता, ज्यात सेशनच्या आधी माहिती असणारे थोडे आणि सेशननंतर जवळपास सगळे, आणि खाली एक वाक्य की कार्यक्रमाचा समाजावर सकारात्मक परिणाम झाला. ही माणसं खोटं बोलत नाहीत हे मला आधीच सांगायचंय, ती उन्हातान्हात फिरतात, मनापासून करतात, त्यातल्या कित्येक जणी माझ्या मैत्रिणी आहेत. पण त्यांनी जे मोजलंय तो परिणाम नाहीये, आपण किती काम केलं त्याचं ते मोजमाप आहे. या दोन गोष्टी एक समजल्यामुळे आपण वर्षानुवर्षं त्याच वस्त्यांमधे तीच सेशन घेत बसलोय.

त्या आधी-नंतरच्या तक्त्याचंच बघा. सेशन सुरू व्हायच्या आधी दहा प्रश्न, दीड तासानं तेच दहा प्रश्न, त्याच बाईला, त्याच हॉलमधे, जिनं शिकवलं तीच समोर कागद घेऊन बसलेली. मार्क वाढणारच. आणि समोरची पोरगी एवढी कॉलेजातून आली, गोड बोलली, चहा-बिस्कीट दिलं, तर तिला बरं वाटेल असंच उत्तर कुणीही देईल, आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दोन महिन्यांनी परत जाऊन तेच प्रश्न विचारणारे रिपोर्ट मी फार कमी पाहिलेत, आणि प्रश्न न विचारता नुसतं घरात काय चालतं ते बघून येणारे त्याहून कमी.

शिवाय माहिती असणं आणि तसं वागणं यात किती अंतर आहे हे आपल्याला सगळ्यांना स्वतःवरून माहीत आहेच की. मिश्री लावणारी साठीतली बाई तुम्हाला तोंडाच्या कॅन्सरबद्दल तुमच्यापेक्षा जास्त सांगेल कारण तिची नणंद त्यानंच गेलेली असते. तिला लहानपणी दात दुखला म्हणून आईनंच ती लावायला दिलेली, आता सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. तिला चौथ्यांदा स्लाइड दाखवून आपण नक्की काय मिळवतोय?

रक्त कमी असण्याचं उदाहरण मी जरा सविस्तर घेते, कारण त्यात सगळं आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएसमधे, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधे रक्तक्षय असणाऱ्या २०१५-१६ ला ४८ टक्के होत्या. पुढच्या फेरीत, २०१९-२१ च्या, त्या ५४.२ टक्के निघाल्या. मधल्या काळात पोषण अभियान सुरू झालं, २०१८ ला अ‍ॅनिमिया मुक्त भारत आलं, शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या, गरोदरपणात १८० दिवस लाल गोळ्या, पालेभाज्यांचे स्टॉल, रांगोळ्या, पाककृती स्पर्धा, सगळं झालं आणि आकडा वर गेला. आता लगेच कुणी म्हणेल की बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचबी बघायची जी पद्धत या सर्व्हेत आहे तिच्यावरच तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, शिरेतून घेतलेल्या रक्तात वेगळा आकडा येऊ शकतो. बरोबर आहे, तो वाद खरा आहे. पण मग माझा मुद्दा अजूनच पक्का होतो, की एवढा खर्च, एवढी वर्षं, आणि शेवटी आपल्याला हे पण ठामपणे सांगता येत नाही की कमी झालं की वाढलं.

आता वस्तीत या. गरोदर बाईला विचारलं गोळी कशासाठी, तर ती सांगते रक्त वाढायला. पूर्ण मार्क. मग गोळ्या घेतेस का, तर हो म्हणते. मग जरा बसून, घरचं बोलून, तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारलं की रिकामी पाकिटं कुठायत, तर तेव्हा खरं बाहेर येतं. मळमळतं, शी काळी होते, पोट घट्ट होतं. आणि पोट घट्ट होणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात दोन बाथरूम आहेत त्यांना कळायचं नाही. तिला सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचंय, आत गेली की बाहेरून दार वाजतं, अवघडलेल्या पोटानं तिथं किती वेळ बसणार ती. शिवाय सासू म्हणते त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, किंवा पोटातच मोठं होतं आणि मग सिझर होतं. त्यामुळे ती दहा दिवस गोळी खाते आणि पाकीट फळीवर ठेवून देते. अशा बाईला गोळीचं महत्त्व सांगणारं सेशन तिच्या अडचणीला हातच लावत नाही. जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नको, झोपताना घेऊन बघ, पहिल्या पंधरा दिवसांत त्रास झाला तर आशाताईला सांग, सासूला पण सोबत बसव, अशी चार वाक्यं कामाची आहेत. आणि संडासांची संख्या वाढवणं त्याहून कामाचं.

पण रिपोर्ट काय म्हणणार? ज्ञान वाढलं, वर्तनात अपेक्षित बदल दिसला नाही, लोकांमधे उदासीनता आहे, अजून जनजागृतीची गरज आहे. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. चुकीचं मोजल्यामुळे दोष फिरून फिरून त्याच बाईवर येतो, जिच्याकडे माहिती सोडून बाकी सगळ्याची कमतरता आहे. नीट मोजमाप केलं असतं तर कळलं असतं की ती अडाणी नाहीये, आणि मग पुढच्या वर्षीचे पैसे तिसऱ्यांदा त्याच पत्रकांवर खर्च झाले नसते. म्हणून मोजमाप हा मला ऑफिसातला कोरडा विषय वाटत नाही. वस्तीतल्या माणसांना न्याय मिळायचा असेल तर तो इथून सुरू होतो.

बरं, वागणं मोजायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. हात धुण्याचंच घ्या. विचारलं तर सगळे धुतात. समोर बसून बघितलं तरी पूर्ण खरं कळत नाही, बांगलादेशात संशोधकांनी साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारा सेन्सर बसवला होता, तर घरात निरीक्षक बसलेला असताना साबण नेहमीपेक्षा ३५ टक्के जास्त हलला. म्हणजे पाहुणा आला की हात जास्त धुतले जातात. तरी नुसतं विचारण्यापेक्षा बघणं कितीतरी बरं, हे आंध्रात चित्तूर जिल्ह्यातल्या १४ गावांमधे झालेल्या प्रयोगात दिसतं. तिथं जंतू, रोग, डॉक्टर यातलं काही फारसं न सांगता आई, माया, किळस, चारचौघांतली रीत या भावनांवर प्रचार केला आणि मग घरात बसून मोजलं. सुरुवातीला साबणानं हात धुणं जवळजवळ नव्हतंच, सहा महिन्यांनी प्रचार झालेल्या गावांमधे ते ३७ टक्के झालं आणि बाकीच्या गावांमधे ६ टक्के. ३७ म्हणजे शंभरातले ६३ वेळा अजूनही नाहीच. पण हा खरा आकडा आहे, आणि त्याच्यावर पुढचं काम उभं करता येतं, नव्वद टक्के महिलांना महत्त्व समजलं यावर काहीच उभं करता येत नाही.

बीपी-शुगरच्या कॅम्पमधली एक गफलत तर इतकी सर्रास होते की ती सांगायलाच हवी. रविवारी सकाळी हडपसरला कुठंतरी कॅम्प लागतो, माणसं चालत आलेली, रांगेत उभी राहिलेली, पांढरा कोट बघून धाकधूक झालेली, त्यातल्या ज्यांचं बीपी १४० च्या वर निघालं त्यांना वेगळं काढून मीठ कमी करा, चाला, असं समजावलं जातं. महिन्यानं त्याच लोकांना बोलावून परत मोजतात आणि सरासरी कमी येते. टाळ्या. पण बीपी दिवसागणिक खालीवर होत असतं, एखाद्या दिवशी जास्त सापडलेल्यांनाच निवडून परत मोजलं तर काहीही न करता सुद्धा त्यांची सरासरी खाली येणारच, कारण त्यातल्या बऱ्याच जणांचं त्या दिवशी नेमकं जास्त होतं. हे खरंच समुपदेशनानं झालं का हे कळायचा एकच मार्ग आहे, तसेच दुसरे लोक घ्यायचे ज्यांना अजून ते सेशन दिलेलं नाही आणि त्यांचंही महिन्यानं मोजायचं. दोन्हीकडे सारखंच कमी झालं तर सेशननं काही केलेलं नाही.

तुलना करायला दुसरा गट नसेल तर श्रेय कुणाचं हे ठरवताच येत नाही. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० च्या सर्व्हेत ३१.४ टक्के होतं, २०१६-१७ ला २६.६ झालं. छान झालं. पण मधे २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली, सिनेमागृहात इशारे सुरू झाले, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रं आणि इशाऱ्यांनी भरला, टॅक्स वाढले, शाळा-कॉलेजात व्याख्यानं झाली. आता यातल्या कुठल्याही एका संस्थेनं हा आकडा आपल्या रिपोर्टमधे आपल्या नावावर टाकला तर ते योग्य होईल का? डेंग्यूचं पण तेच. एखाद्या वर्षी पाऊस वेगळा पडतो आणि केसेस आपोआप कमी होतात, त्या वर्षी ज्यांनी पथनाट्यं केली त्यांना वाटतं आपल्यामुळे झालं, पुढच्या वर्षी वाढल्या की पावसामुळे.

डेंग्यूत निदान मोजायला एक चांगली सोय आहे. केसेस मोजायच्या नाहीत, अळ्या मोजायच्या. किती घरं तपासली आणि त्यातल्या किती घरांत अळ्या सापडल्या, किती भांडी तपासली आणि किती भांड्यांत, ही पद्धत मलेरियाच्या काळापासून आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातातली आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगितलं असेल तर महिन्यानं जाऊन पिंपात बघा, कुणाला काही विचारायची सुद्धा गरज नाही. आणि तिथं बघितलं की लगेच दुसरी गोष्ट दिसते. जिथं नळाला दिवसातून दोन तास पाणी येतं तिथं पिंप भरलेलं असणारच, तिथल्या बाईला पाणी साठवू नका असं सांगणं म्हणजे तहानलेलं रहा असं सांगणं आहे. घट्ट बसणारं झाकण किंवा फडकं बांधणं हे सांगता येईल. पण मोजणाऱ्यानं हे पण लिहिलं पाहिजे की अमुक वस्तीत अळ्या आहेत कारण तिथं पाण्याची वेळ अशी आहे. आपल्याकडच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममधे या वाक्याला जागाच नसते.

सिंहगड रोडवर जानेवारी २०२५ मधे काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलियन-बॅरे या नसांच्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले, पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, नमुन्यांमधे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर आला. लगेच सूचना निघाल्या, पाणी उकळून प्या, शिळं खाऊ नका, चिकन नीट शिजवा. सूचना योग्यच होत्या, साथीच्या वेळी त्या द्यायलाच हव्यात, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ही गावं मनपात घेतल्यावर तिथल्या माणसाचा पहिला हक्क नळातून शुद्ध पाणी येण्याचा आहे. पाणी उकळण्याचं शिक्षण त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि किती कुटुंबांपर्यंत संदेश पोचला हा आकडा पाण्याच्या टेस्ट रिपोर्टची जागा घेऊ शकत नाही.

कुणी म्हणेल, मग आरोग्य शिक्षणाचा उपयोगच नाही असं तुझं म्हणणं आहे का. अजिबात नाही, उलट ते काम करतं असं मला वाटतं म्हणूनच मी एवढी मागे लागलीय. आणि ते काम करतं हे मला कळलं कुठून, तर ज्यांनी कसून मोजलं त्यांच्याकडूनच. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांमधे गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी केली आणि शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू नोंदवले, एकूण एक. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जेव्हा ते छापून आलं तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्यात आयांना शिकवणं होतं तसंच जंतुसंसर्गावरचे उपचारही होते, त्यामुळे सगळं श्रेय शिक्षणाला देता येत नाही आणि त्यांनी ते तसं दिलेलंही नाही. पण बाळं वाचली हे कुणाला नाकारता आलं नाही, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा ज्या नवजात बाळाच्या घरभेटी देतात त्याच्या मुळाशी हे मोजलेलं काम आहे. फोटोंच्या जोरावर हे झालं असतं का?

चेन्नईच्या संशोधकांनी डायबेटीसच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांचे दोन भाग केले, सगळ्यांना सुरुवातीला सल्ला दिला, आणि एका भागाला वरून मोबाइलवर नियमित मेसेज पाठवले, खाण्याचे, चालण्याचे. दोन वर्षांनी रक्त तपासलं, मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना डायबेटीस झाला होता, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. साधे मेसेज. हे २०१३ ला छापून आलंय.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती मुंबईची गोष्ट, कारण ती अपयशाची आहे. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागात एकजुट संस्थेनं बायकांचे गट घेऊन बैठका केल्या, भाषण नाही, चित्रं-गोष्टी-खेळ, आपल्याकडे बाळं का दगावतात ते बायकांनीच शोधायचं, त्यावर काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि दुसरं-तिसरं वर्षच धरलं तर ४५ टक्क्यांनी. म्हणजे परिणाम दिसला तो मुख्यतः दुसऱ्या वर्षापासून, पहिल्या वर्षाअखेर कुणी फंड द्यायचा की नाही ते ठरवायला आलं असतं तर प्रोग्राम बंद पडला असता. साधारण याच धर्तीवर मुंबईत ४८ वस्त्या घेतल्या, निम्म्यांमधे बायकांचे गट, निम्म्या तुलनेला. काही फायदा झाला नाही. बाळंतपणातल्या काळजीत फरक नाही, नवजात मृत्यू तर कमी झाले नाहीतच, उलट गट असलेल्या वस्त्यांमधे जास्तच निघाले. आणि त्यांनी ते २०१२ ला नावानिशी, आकड्यांनिशी छापलं.

याला धाडस लागतं, आणि आपल्यासाठी तर ते सोनं आहे. पुण्याच्या वस्त्या झारखंडच्या पाड्यांपेक्षा मुंबईच्या वस्त्यांना जास्त जवळच्या आहेत. इथं बाळंतपण बहुतेक हॉस्पिटलातच होतं, बाई चार घरची धुणीभांडी करून येते, दुपारी तीनला मीटिंगला बसायला तिला वेळ नाही, शेजारीण दोन वर्षांत खोली बदलून जाते. गावात जे चाललं ते शहरात तसंच चालेल असं नाही, हे आपल्याला पुण्यात न करता आयतं कळलं, कारण कुणीतरी आपलं अपयश लपवलं नाही. माझी मुख्य मागणी खरं तर हीच आहे. न जमलेल्या गोष्टी छापा. पुण्यातल्या संस्था एकाच रस्त्यावर ऑफिस थाटून बसलेल्या असतात आणि एकीला जे जमलं नाही तेच दुसरी पुढच्या वर्षी नव्या नावानं करते, कारण पहिलीच्या रिपोर्टमधे सगळं उत्तम लिहिलेलं असतं.

ओडिशाचं अजून एक सांगून पुढे जाते. पुरी जिल्ह्यात १०० गावांचा अभ्यास झाला, निम्म्या गावांमधे संडास बांधायची आणि वापरा असं सांगायची मोहीम. संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. कुठल्याही वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ होईल असा आकडा. पण लहान पोरांच्या जुलाबात फरक नाही, जंतांत नाही, वजनात नाही. कारण बांधलेले सगळे वापरात नव्हते, आणि थोडे लोक जरी उघड्यावर गेले तरी जंतू गावभर राहतातच. संशोधक पोरांपर्यंत पोचले नसते, नुसते संडास मोजून परत आले असते, तर हे यश म्हणूनच नोंदलं गेलं असतं.

आता पैशाचं. मूल्यमापनाला बजेट नसतं हे मी नेहमी ऐकते. छोट्या संस्थांच्या बाबतीत खरंच नसतं आणि त्यांच्याकडून मोठे अभ्यास मागणं अन्यायाचं आहे. पण मोठ्या कंपन्यांवर तर २०२१ पासून कायद्यानंच बंधन आहे. ज्यांची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा जास्त, त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे परिणामाचं मूल्यमापन, बाहेरच्या स्वतंत्र एजन्सीकडून करून घ्यायचं, आणि ते पण प्रोजेक्ट संपून निदान एक वर्ष झाल्यावर. एक वर्षानंतर जा, ही अट किती शहाणपणाची आहे. चाकण, हिंजवडी, पिंपरी-चिंचवडच्या एवढ्या कंपन्या पुण्यात आरोग्यावर खर्च करतात. माझा आक्षेप एवढाच की सुरुवातीला काही मोजलेलंच नसतं, त्यामुळे वर्षानं गेलेली एजन्सी परत लोकांनाच विचारते, तुम्हाला फायदा झाला का, आणि लोक परत हो म्हणतात. मोजायला सुरुवात पहिलं सेशन व्हायच्या आधी झाली पाहिजे.

आणि हे सरकारी सर्व्हेवर पण सोडता येणार नाही. एनएफएचएसचा आकडा जिल्ह्याचा येतो. पुणे जिल्हा म्हणजे बाणेरच्या सोसायट्या, भवानी पेठेतल्या वस्त्या आणि वेल्ह्याचे धनगरवाडे सगळं एकत्र, त्या सरासरीत आपल्या वस्तीतला प्रोग्राम शोधून सापडणार नाही.

मोजणाऱ्या माणसांची तर या शहरात ददात नाहीये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं रिसर्च सेंटर पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या परिसरात २००२ पासून घरोघरचे जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवतंय. पुण्याजवळच्या सहा गावांमधे १९९३ ला गरोदर बायकांपासून सुरू झालेला अभ्यास त्यांच्या मुलांच्या मागे मुलं मोठी होईपर्यंत चिकाटीनं गेलाय. भोसरीला एड्सवरची राष्ट्रीय संस्था आहे. प्रत्येक मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनचा विभाग आहे आणि त्यांचे इंटर्न दरवर्षी वस्त्यांमधे पोस्टिंगला असतातच. त्यांना पोस्टर स्पर्धेऐवजी मोजायचं काम द्या, फक्त ज्या संस्थेनं शिकवलं तिनंच मोजायचं नाही एवढं पाळा.

एक गोष्ट मात्र नको, हे ओझं आशाताईंवर टाकू नका. शहरात एकेका आशेकडे दोनशे ते पाचशे घरं, त्यात एवढी रजिस्टरं, एवढी अ‍ॅप, आणि मानधनासाठी त्यांना २०२३-२४ मधे संप करायला लागला हे सगळ्यांना आठवत असेल. शिवाय जिच्या कामाचं मोजमाप होतंय तिलाच मोजायला लावलं आणि वरून आकडा कमी आला की नोटीस दिली, तर ती चांगला आकडाच भरणार, तिच्या जागी मी असते तरी मीच तेच केलं असतं. वाईट आकडा आल्यावर शिक्षा होत नाही अशी खात्री असेल तरच खरा आकडा मिळतो.

राहिला प्रश्न तुलनेच्या गटाचा. काही वस्त्यांना शिकवायचं आणि काहींना मुद्दाम नाही, हे बरोबर आहे का, असं मला एका कार्यकर्तीनं कळवळून विचारलं होतं आणि तिचा प्रश्न रास्त होता. पण तसंही एका वर्षात सगळीकडे पोचायला कुणाकडेच माणसं नसतात, कुणीतरी थांबतंच. आज कोण थांबणार हे ओळखीवर ठरतं, ज्या नगरसेवकाचं वजन जास्त त्याच्या वस्तीत आधी कॅम्प. त्याऐवजी चिठ्ठ्या टाका. मनपाची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकातल्या चार वस्त्या घ्या, चारही वस्त्यांमधे ऑगस्टमधेच काही घरं निवडून गरोदर बायकांचं एचबी शिरेतून रक्त घेऊन बघा आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजा. जिचं कमी निघेल तिला उपचार लगेच मिळाला पाहिजे, वस्ती कुठलीही असो. मग त्यातल्या दोन वस्त्यांमधे या सप्टेंबरपासून वर्षभर काम करा, नुसतं सेशन नाही, घरभेटी, सासूबरोबर बोलणं, गोळीचा त्रास झाला तर बदलून देणं, आणि उरलेल्या दोन वस्त्यांची पाळी पुढच्या सप्टेंबरला. त्याच्या आधी, म्हणजे पुढच्या ऑगस्टला, चारही ठिकाणी तेव्हा गरोदर असतील त्या बायकांचं तसंच परत मोजा. जे निघेल ते, चांगलं असो नाहीतर वाईट, मराठीत मनपाच्या वेबसाइटवर टाका आणि त्या त्या वस्तीच्या समाजमंदिरात संध्याकाळी सातनंतर, बायका कामावरून आल्यावर, वाचून दाखवा.